खबीब म्हातारा झालाच नाही

परळ_टर्मिनस
रविवार, रात्री ११.१०

धागा काढायला निमित्त माझा डावा गुडघा. गुरुवारी एमएमएच्या (पिंजऱ्यातली लढत, कुस्ती आणि ठोसे दोन्ही चालतात) क्लासमध्ये एका तेवीस वर्षांच्या पोराचा पट काढायला, म्हणजे पाय धरून खाली घ्यायला, वाकलो आणि वाकलो तिथंच राहिलो. पोरगं पाय मागं टाकून छातीनं माझ्या पाठीवर पडलं, आणि वर म्हणालं, "सॉरी सर." गुडघ्यापेक्षा ते 'सर' जास्त दुखलं.

वय ४३. शाळेत असताना लालबागच्या एका तालमीत सहा-सात वर्षं माती अंगाला लागली. आजोबा गिरणीत होते, त्यांच्या हट्टामुळे. मग कॉलेज, नोकरी, लग्न, पोट. २०१२ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा मित्रानं ओढून नेलं. बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसनची ती लढत लक्षात ठेवण्यासारखी नव्हती. पण परत येताना लोकलमध्ये डोक्यात एकच घोळत होतं, की खाली घेऊन दाबून ठेवणं तर आपल्याला येतं! तेव्हापासून आठवड्याला तीन दिवस क्लास. स्पर्धा कधी खेळलो नाही, उगाच गैरसमज नको.

प्रश्न असा. दाबाची शैली, म्हणजे पुढंपुढं रेटत जायचं, समोरच्याला पिंजऱ्याच्या जाळीला लावायचं, खाली घ्यायचं आणि मग अंगाखालून निघूच द्यायचं नाही. वय झाल्यावर ही नेमकी कुठून सुटायला लागते?

विषय निघाला की पहिलं नाव यूएफसीतल्या (एमएमएची सगळ्यात मोठी संस्था) खबीब नुरमागोमेदोवचं येतं, रशियातल्या दागेस्तानचा. पण खबीब म्हातारा झालाच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जस्टिन गेथजीला ट्रँगलमध्ये (पायांत मान आवळून) झोपवलं, हातमोजे काढून पिंजऱ्यात ठेवले आणि ३२व्या वर्षी २९-० वर घरी गेला. वडील त्याच वर्षी जुलैत वारले होते. २०१३ मध्ये एबेल ट्रुहिलोला त्यानं तीन फेऱ्यांत २१ वेळा खाली घेतलं, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. या माणसावरून चाळिशीचं गणित मांडताच येत नाही.

म्हणून मी डेमियन माया घेतो. जुलै २०१७, वय ३९, समोर टायरन वूडली, वेल्टरवेटचा (७७ किलो) विजेतेपदाचा पट्टा पणाला. मायानं पाच फेऱ्यांत २१ वेळा खाली घ्यायचा प्रयत्न केला आणि एकदाही जमलं नाही. आकडा बघा, खबीबचाच. पुढं ऑक्टोबर २०१९, सिंगापूर, वय ४१, समोर बेन ॲस्क्रेन, स्वतः मुरलेला कुस्तीगीर. तिसऱ्या फेरीत माया त्याच्या पाठीवर चढला आणि गळा आवळून मोकळा झाला. मधल्या दोन वर्षांत माया तरुण झाला का? वूडली सगळा वेळ पाय वाचवत मागं सरकत होता आणि ॲस्क्रेन आपण होऊन अंगाला भिडत होता, एवढाच फरक. मायाला अंतर तोडत जावं लागलं नाही.

माझं म्हणणं: वर बसल्यावरचा भार उशिरा म्हातारा होतो. वर बसेपर्यंतचा रस्ता आधी म्हातारा होतो.

येऊ द्या.

नऊ_सत्तावनची_विरार
रविवार, रात्री ११.३२

रस्ता आधी म्हातारा होतो हे आमच्याकडे पहिल्या पावसानंतर येऊन बघा. वयाचा काही संबंध नाही, नवा असला तरी होतो.

(वाचतोय. पुढचे प्रतिसाद येऊ द्या.)

ऑक्टागॉन_वेडा
सोमवार, रात्री १२.०५

दादा, लेख मस्त, पण पटला नाही. वय नाही, झीज म्हणा. दोन नावं देतो, आपापल्या लढतीवेळी दोघं ३४ वर्षांचे.

इस्लाम माखाचेव. नोव्हेंबर २०२५, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. लाइटवेट सोडून वरच्या वजनात गेला, जॅक डेला मॅडालेनाला पाच फेऱ्या खाली ठेवलं आणि दुसरा पट्टा घेतला. कुठं म्हातारा झाला रस्ता?

मेराब द्वालिश्विली. तीनच आठवड्यांनी, डिसेंबर २०२५ मध्ये पेत्र यानकडून हरला. पण त्या एका वर्षात त्याची ती चौथी पट्ट्याची लढत होती. जानेवारी, जून, ऑक्टोबर, डिसेंबर. आणि मेराबची पद्धत म्हणजे टेकडाउन (खाली घेणं) जमला नाही तर दुसरा, तोही नाही तर पाचवा. समोरचा कंटाळून पडतो. हे वर्षात चारदा केलं तर पंचविशीतला पण मोडेल.

वय तेच आणि निकाल उलटे. मग वय कुठं आलं मध्ये?

पटात_घेतला
सोमवार, सकाळी ६.२०

मूळ सातारा जिल्हा, सध्या कळंबोली. पहाटेच्या जोर-बैठका झाल्या, आता लिहितो.

परळशेठ, पिंजरेवाले ज्याला प्रेशर म्हणतात त्याला आमच्यात कस काढणं म्हणतात. कब्जा घ्यायचा, मानेवर घुटना ठेवायचा आणि घाई करायची नाही. खालचा गडी उठायला बघतो, आपण भार टाकतो. परत उठतो, परत भार. त्याचा दम त्याच्याच उठण्यात जातो. मग चीत करायला घिस्सा मारा नाहीतर मोळी बांधा, डाव कुठला ती तुमची मर्जी. यात नवीन काही नाही, दागेस्तानच्या पोरांनी शोधून काढलेलं तर अजिबात नाही.

वयाचं म्हणाल तर गामा पैलवान. १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोबरोबरची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली, त्यातला बहुतेक वेळ झिबिस्को पोटावर पालथा पडून मॅटला चिकटलेला. निकाल नाही. मग १९२८, पतियाळा, तेच दोघे, दोघंही पन्नाशीला टेकलेले. गामानं मिनिटाच्या आत आडवा केला. वयानं भार उतरत असता तर असं झालं असतं काय?

परळ_टर्मिनस
सोमवार, सकाळी ९.४०

पटात साहेब, उदाहरण तुमचं पण फायदा माझा. अडीच तास वर बसून राहणारा गामा तिशीतला होता. पन्नाशीत तो कस काढायच्या भानगडीत पडलाच नाही. मिनिटात उरकलं. म्हाताऱ्या पैलवानाला हेच सुचतं, कारण तासाचं बिल परवडत नाही.

वेडा, तुझ्या दोन नावांतच उत्तर आहे बघ. माखाचेव अंतर तोडताना मेराबसारखा दहा वेळा धडका मारत नाही. तो क्लिंचमध्ये (उभ्याउभ्या अंगाला अंग लावून धरणं) येतो, पाय अडकवतो, माणूस पडतो. ज्युडो आणि सॅम्बो या रशियन कुस्तीची वळणं. मेराब प्रत्येक टेकडाउनला पळत जातो. रस्ता एकच, पण एक रिक्षानं जातो आणि एक पळत.

ठाण्याची_फिजिओ
सोमवार, दुपारी २.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या. खेळाडू बघते, जास्त करून कबड्डी आणि धावणारे, पण गेल्या काही वर्षांत एमएमएवालेही येतात. चुरगळलेले कान घेऊन येतात आणि मान दुखते म्हणतात.

स्नायूंत ढोबळमानानं दोन प्रकारचे तंतू असतात. एक झटक्यानं आकसणारे, दुसरे सावकाश पण टिकून काम करणारे. वय वाढतं तसे झटक्याचे तंतू आधी बारीक होतात. त्यामुळे झटका आधी उतरतो, निव्वळ ताकद नंतर, आणि धरून ठेवायची ताकद त्याहूनही उशिरा. इथवर धागाकर्त्याशी सहमत. लांबून वाकून पायात शिरणं हे झटक्याचं काम, छातीनं दाबून बसणं हे धरून ठेवायचं.

पण दमाचं कोणी बोललंच नाही. बैठं आयुष्य असेल तर शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्के उतरते. सराव चालू ठेवणाऱ्याची त्याच्या निम्म्यानं. म्हणजे सरावानं बरंच वाचतं. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके मात्र सराव करा न करा, कमी होतातच. आणि दोन धडकांच्या मधला सावरायचा वेळ लांबतो. पिंजऱ्यात दोन फेऱ्यांमध्ये मिळतं एक मिनिट, तुम्ही २२ चे असा नाहीतर ४२ चे.

आता सगळ्यात महाग गोष्ट. जमलेला टेकडाउन स्वस्त असतो, फसलेला महाग. समोरच्याला जाळीला लावून त्याच्या मांड्या कवळून तुम्ही अर्धा मिनिट ढकलत असता आणि तो पडत नसतो. तेव्हा तुमचे खांदे, हात, पाठ सतत आकसलेले. असा आवळून राहिलेला स्नायू स्वतःचाच रक्तपुरवठा दाबतो. हात 'भरून' येतात ते यामुळे. तरुण माणूस मिनिटभरात मोकळा होतो. चाळिशीतला पुढच्या फेरीत तेच भरलेले हात घेऊन उतरतो. मायाचे २१ प्रयत्न या नजरेनं बघा. पहिल्या आठ-दहांनंतरचे प्रयत्न तो उधारीवर करत होता.

आणि सांधे. या शैलीत डोकं हा पाचवा हात असतो. समोरच्याच्या छातीत, हनुवटीखाली डोकं रुतवून ढकलायचं, वर्षानुवर्षं. मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या त्याचा हिशेब ठेवतात. गुडघ्यावर पडून शिरायचं, तिथली कूर्चा झिजते. ॲस्क्रेनचं नाव वर आलंच आहे, मायाशी हरला आणि पुढच्याच वर्षी त्याचा खुबा बदलावा लागला. तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. वेल्टरवेटचा माजी विजेता कमारू उस्मान, त्यानं तर स्वतःच सांगितलंय की जिना सरळ उतरता येत नाही, उलटं उतरावं लागतं.

धागाकर्ते, तुमचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना?

परळ_टर्मिनस
सोमवार, दुपारी ४.०५

उतरताना. परळ स्टेशनचा पूल. चढताना काही नाही.

ठाण्याची_फिजिओ
सोमवार, सायंकाळी ७.३०

बहुतेक वाटीचा त्रास. पण हात लावून बघितल्याशिवाय काही सांगणार नाही, आणि धाग्यावर तर नाहीच. जवळच्या कोणालातरी दाखवा. तोवर गुडघा टेकवून शिरणं बंद.

नऊ_सत्तावनची_विरार
सोमवार, रात्री ९.५७

चेष्टा बाजूला ठेवून एक निरीक्षण. आमच्या डब्यात एक काका आहेत, साठीला आलेले, अंगानं काडी. बोरिवलीला उतरणाऱ्यांचा लोंढा येतो तेव्हा पंचविशीतली जिमवाली पोरं हातानं ढकलतात आणि वाहून जातात. काका हात वापरतच नाहीत. कंबर दांड्याला, एक पाय आडवा, कोपर बरगडीला चिकटलेलं. बाकीचे येऊन त्यांच्यावर दमतात.

हेच ना तुमचं ते प्रेशर?

ज्युडो_काकू
सोमवार, रात्री १०.४०

विरारकर, तुमचे काका बरोबर करताहेत, पण ते प्रेशर नाही. तो बचाव झाला. त्यांना कोणाला खाली पाडायचं नाहीये, फक्त स्वतः उतरायचं नाहीये. भार टाकणं आणि भार पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेलणं म्हातारपणी सोपं राहतं.

(काकू हे नाव मीच घेतलंय, तेव्हा बिनधास्त म्हणा. वय ५४, दादर. मुलींना शिकवते.)

माझं धागाकर्त्याशी जुळतं, फक्त मी रस्ता बदलण्याबद्दल सांगेन. ज्युडोत २०१० पासून पायाला हात लावण्यावर बंधनं आली आणि २०१३ पासून ते पूर्ण बंद झालं. तेव्हा मी चाळिशीत होते, खूप चिडले होते. माझा अर्धा खेळ पाय उचलण्यावर होता. पण त्यामुळे वरच्या अंगावरून टाकायला शिकावं लागलं आणि आज मी अजून मॅटवर आहे ती त्यामुळेच. लांबून पायात शिरायला डोळ्यांनी बघून, अंतर मापून, झटक्यात निघावं लागतं. छातीला छाती लागलेली असताना डोळे लागत नाहीत. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हाताला कळतं, आणि स्पर्शानं कळून हलणं हे बघून हलण्यापेक्षा लवकर होतं. वयानं दोन्ही मंदावतात, पण जवळून खेळलं की उशीर कमी दिसतो.

रँडी कुट्यूर आठवा. ग्रीको-रोमनवाला, म्हणजे पाय न धरता लढायच्या कुस्तीतला. मार्च २००७, वय ४३ (परळ, तुमचंच वय!), टिम सिल्व्हियासारखा सहा फूट आठ इंचाचा राक्षस समोर. पाचही फेऱ्या जिंकल्या. काखेतून हात, डोकं हनुवटीखाली, जाळीला लावला आणि तिथंच ठोकत बसला. लांबून पळत येऊन पाय पकडणारा कुट्यूर असता तर चाळिशीच्या आतच संपला असता असं मला वाटतं. तो ४७व्या वर्षापर्यंत लढला.

ऑक्टागॉन_वेडा
सोमवार, रात्री ११.५०

काकू, रिस्पेक्ट. पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. तुमचे सगळे म्हातारे जाडे आहेत.

कुट्यूर हेवीवेट. कॉर्मिये हेवीवेट, ३९व्या वर्षी पट्टा. ग्लोव्हर टेशेरा ९३ किलो, ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्लाखोविचचा गळा आवळला, वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते, वय ४२. सगळे वरच्या वजनाचे. तिथं समोरचा पण सावकाश हलतो, मग रस्ता म्हातारा झाला तरी चालतं. ६१ किलोत ४२ वर्षांचा चॅम्पियन दाखवा ना.

परळ_टर्मिनस
मंगळवार, सकाळी ८.५५

मान्य. पूर्ण मान्य. खालच्या वजनात शिरायची फट क्षणभर उघडते आणि म्हातारा तिथं पोचेपर्यंत मिटलेली असते. माया ७७ किलोचा होता, म्हणजे मधला, आणि त्याचे निकालही मधलेच आहेत.

वजनाचीच अजून एक बाजू. खालच्या वजनात शिरायला पाणी काढून वजन उतरवावं लागतं. खबीबसुद्धा मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना आजारी पडून ऐनवेळी बाहेर झाला होता, आणि तो तेव्हा २८ चा. २०१५ च्या अखेरीपासून यूएफसीत सलाइन लावून परत भरून निघणंही बंद झालं. सुकलेलं शरीर घेऊन जाळीला ढकलत बसणं विशीत जमतं.

पटात_घेतला
मंगळवार, सकाळी ९.१०

आमच्या वेळी वजनाच्या दोन दिवस आधी रबरी कोट घालून पळायचो आणि थुंकत बसायचो. मुलांनो, हे करू नका. माझी मूत्रपिंडं अजून मला शिव्या देतात.

संस्कृती_रक्षक_००७
मंगळवार, सकाळी ११.००

पडलेल्या माणसाला मारणे ही आपली परंपरा नव्हे. खाशाबा जाधवांच्या महाराष्ट्रात हे धागे निघतात, वाईट वाटते.

पटात_घेतला
मंगळवार, सकाळी ११.२५

००७, मलाही पडलेल्याला ठोसे मारणं आवडत नाही. पण विषय दाबायचा चाललाय, मारायचा नाही. खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेतलं तेही मॅटवर, परक्या नियमांत. शिकून घेतलेच ना नियम? आजही महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी भिडतात. चला, पुढे.

ऑक्टागॉन_वेडा
मंगळवार, दुपारी १.३०

नियमांवरून आठवलं. २०१७ पासून पंचांचे निकष बदलले. नुसतं वर बसून राहिल्याला पूर्वीइतके मार्क नाहीत. काय नुकसान केलं ते आधी बघतात, ताबा सगळ्यात शेवटी. म्हणजे म्हाताऱ्यांची एकच टिकलेली गोष्ट, तिचा भाव पण उतरला. वर बसून धरणं जमतंय, पण वर बसून मारायचं तर हात सोडावा लागतो, आणि हात सोडला की खालचा निघतो. तरुण असताना निघालेल्याला परत पकडता येतं. म्हातारा सोडायलाच घाबरतो.

परळ_टर्मिनस
मंगळवार, रात्री ११.२०

वेडा, हे तू माझ्या मूळ पोस्टपेक्षा चांगलं लिहिलंस. 'सोडायलाच घाबरतो.'

कारण आता मला वाटायला लागलंय की पाय आणि फुप्फुसं यांच्या आधी हिशेब सुरू होतो. कॉर्मियेचंच बघ. ऑगस्ट २०१९, मियोचिचबरोबरची दुसरी लढत, वय ४०. पहिल्याच फेरीत त्यानं मियोचिचला उचलून आपटला. जमत होतं! सगळं शाबूत होतं. आणि त्यानंतर तो बॉक्सिंगच करत बसला. चौथ्या फेरीत मियोचिचनं पोटात, यकृतावर डाव्या हाताचे ठोसे मारून मारून संपवला. लोक म्हणतात गर्विष्ठपणा, मोह. मला नाही वाटत. मला वाटतं त्यानं त्या एका उचलण्याची किंमत मोजली आणि मनात म्हणाला, अजून चार फेऱ्या आहेत, आत्ता नको. नंतर करू.

मी दर गुरुवारी हेच करतो. पहिल्या दोन मिनिटांत एक पट काढतो, जमतो, छान वाटतं, आणि मग उरलेला वेळ हातानं खेळत बसतो. विशीत असताना दम किती उरलाय याचा विचारच यायचा नाही. आता घड्याळ पोटात टिकटिक करतं. डॅन हेंडरसनही असाच शेवटी सगळा उजव्या हातावर आला, दोन ऑलिम्पिक खेळलेला ग्रीको पैलवान. एका ठोशाला एवढा दम लागत नाही ना! २०१४ मध्ये टीआरटीवर (बाहेरून टेस्टोस्टेरॉन घ्यायचा उपचार) बंदी आल्यावर तर त्याच्या वयाच्या पुष्कळांचं पाणी खोल गेलं.

उस्मानचं उलटं. ऑगस्ट २०२२ मध्ये तो लिऑन एडवर्ड्सविरुद्ध गुणांवर आरामात पुढं होता, शेवटचं मिनिट उरलं होतं आणि डोक्यावर लाथ बसली. पुढच्या दोन लढतीही हरला. सगळ्यांनी त्याला मोडीत काढला. आणि जून २०२५ मध्ये, ३८व्या वर्षी, त्याच उलट्या जिन्याच्या गुडघ्यांनी, जोअकिन बकलीला खाली घेऊन घेऊन जिंकला. त्यानं हिशेब केला नसेल असं नाही. पण खर्च केला.

ज्युडो_काकू
बुधवार, सकाळी ७.१५

किंवा त्याच्याकडे दुसरं काही विकायला नव्हतं. कॉर्मियेला आपले हात चांगले आहेत असं वाटत होतं. पर्याय असला की म्हातारा पैलवान सोपा पर्याय घेतो. मुलींना मी सांगते, पस्तिशीनंतर नवीन काही फार चांगलं शिकू नका. अर्धी चेष्टा, अर्धी खरी.

आणि मुंबईकरांसाठी एक. मे महिन्यात बिनएसीच्या हॉलमध्ये खेळलात तर दहा मिनिटांत अंग माशासारखं होतं. पाय हातातून सटकतो, पकड टिकत नाही. तेव्हा हातानं धरणारे रडतात. वजन कुठं ठेवायचं ते कळणारा मात्र तसाच बसून राहतो, घाम असो नसो. खांदा त्याच्या जबड्यावर, आपली कंबर खाली, बोटं मॅटवर. माझं वजन ५६ आहे आणि सत्तर किलोची मुलगी माझ्या खालून निघत नाही. वर कशी गेले ते मात्र विचारू नका. तिला सांगून झोपवते.

नऊ_सत्तावनची_विरार
बुधवार, सकाळी १०.०२

"तिला सांगून झोपवते." काकू, धाग्याचा निकाल लागला की हो इथं.

ऑक्टागॉन_वेडा
बुधवार, रात्री ९.४०

बोलून काय होणार. परळदादा, मी डोंबिवलीला असतो पण कॉलेज दादरला. वय २२, ७० किलो, दोन वर्षं ग्रॅपलिंग. तुमच्या क्लासला पाहुणा चालतो का? पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. ठोसे नाहीत.

परळ_टर्मिनस
बुधवार, रात्री ९.५८

शनिवारी सकाळी ये, भारतमाताच्या स्टॉपवर उतर, मी घ्यायला येतो. गुडघा दाखवून झालाय. खुर्चीतून उठ-बस करायचे व्यायाम दिलेत आणि वाकून शिरायला महिनाभर बंदी. तेव्हा काकूंच्या मार्गानं, छातीला छाती.

ठाण्याची_फिजिओ
बुधवार, रात्री १०.१२

'महिनाभर बंदी'चा अर्थ तुम्ही सोयीनं लावताय. लक्षात ठेवलंय.

पटात_घेतला
शनिवार, दुपारी १२.००

झालं का? निकाल सांगा.

परळ_टर्मिनस
शनिवार, दुपारी ३.३०

सांगतो, खरं तेच. तीन फेऱ्यांत मी सात वेळा खाली घ्यायचा प्रयत्न केला, सगळे क्लिंचमधून. पाच फसले. त्यातल्या दोन वेळा तर पोरगं माझ्या अंगाखालून असं निघालं की मी भिंतीलाच मिठी मारली. दुसऱ्या फेरीत मी चार मिनिटं खाली होतो, त्याबद्दल जास्त बोलत नाही. त्या फेरीनंतर हात इतके भरले की पाण्याच्या बाटलीचं बूच त्यानं उघडून दिलं. फिजिओताई, तुमचं रक्तपुरवठ्याचं एकदम बरोबर.

दोन जमले. एक पहिल्या फेरीत, पाय अडकवून. एक तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला. त्या दुसऱ्यानंतर त्याच्या जबड्यावर खांदा ठेवला, कंबर खाली घातली आणि घंटा वाजेपर्यंत उठलो नाही. साडेतीन मिनिटं. पोरगं सगळं करून बघत होतं.

गुडघा ठीक. जिना कठडा धरून उतरलो.

ऑक्टागॉन_वेडा
शनिवार, सायंकाळी ५.१०

दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण तिसऱ्या फेरीत तो पाय मीच दिला होता तुम्हाला. तुम्ही फार दमलेले दिसत होतात.

परळ_टर्मिनस
शनिवार, सायंकाळी ५.१४

ते मला तेव्हाच कळलं. पाय दिलास, चांगलं केलंस. मग उठला का नाहीस?